समुद्रसपाटीवर विरळ हवा

लांब पल्ल्याच्या धावपटूंना डोंगरावर न जाता विरळ हवेचा लाभ मिळावा, म्हणून खोलीतल्या किंवा तंबूतल्या हवेचा ऑक्सिजन मुद्दाम घटवतात. हाच कृत्रिम उंचीचा सराव. कोकण किनाऱ्यावरच्या चौलला, म्हणजे समुद्राच्या पातळीवर, हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्यात ऑक्सिजनचा वाटा १५९. अडीच हजार मीटरवरही ऑक्सिजन २०.९ टक्केच असतो, पण एकूण दाब उतरल्यामुळे त्याचा वाटा ११७ च्या घरात येतो. ही तूट जाणवली की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतात आणि अस्थिमज्जेत तांबड्या पेशी वाढू लागतात. पेशींना ऑक्सिजनची कमतरता कशी कळते, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

उंचीचा प्रश्न ऐरणीवर आला तो १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमुळे. ते शहर २,२४० मीटरवर; आपली उटीही जवळपास तेवढीच उंच. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी उटीच्या शिबिरांत सराव केला आणि २०१६ मध्ये रिओत ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्जला राहून धावले. २०२४ मध्ये पॅरिसला त्यांनी याच शर्यतीत ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. दोघांनाही महाराष्ट्राबाहेर जावे लागले, यात नवल नाही. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, आणि सरावाला हवी असते साधारण दोन ते अडीच हजार मीटरची उंची.

उंचीवर एक अडचण मात्र येते: दम लवकर लागतो, वेग धरता येत नाही, पाय मंदावतात. लेव्हिन आणि स्ट्रे-गुंडरसन या संशोधकांनी १९९७ मध्ये उपाय मांडला: राहायचे २,५०० मीटरवर, जोराचा सराव १,२५० मीटरवर. चार आठवड्यांत त्या गटाची ५,००० मीटरची वेळ सरासरी १३.४ सेकंदांनी सुधारली. फिनलंडमध्ये त्याआधीच नायट्रोजन मिसळलेल्या हवेची घरे उभी राहिली होती. चौल-रेवदंड्याच्या धावपटूला यातला खालचा अर्धा भाग दारातच फुकट मिळतो; वरचा अर्धा तंबूने भरून काढायचा.

कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचेच तंत्र इथे उलट वापरतात. झिओलाइटच्या चाळणीतून वेगळा झालेला ऑक्सिजन बाहेर सोडायचा आणि उरलेली हवा नळीने तंबूत घ्यायची. ऑक्सिजन सुमारे १५.४ टक्क्यांवर आला की अडीच हजार मीटर झाले. कोकणच्या दमट हवेत मात्र असा बंद तंबू रात्रभर घुसमटवतो, त्यामुळे खोलीला एसी लागतोच. पावसाळ्यात वीज गेली तर पहिले काम झिप उघडण्याचे; ताजा झोत थांबला की उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आत साठत जातो. धावताना लावायचे ‘अल्टिट्यूड मास्क’ या कामाचे नाहीत. ते श्वासाला अडथळा करतात, ऑक्सिजन घटवत नाहीत.

खरी मेख तासांची आहे. हिमोग्लोबिनचे एकूण वस्तुमान दर शंभर तासांना जेमतेम एक टक्का वाढते. म्हणून नुसती आठ तासांची झोप तोकडी पडते. रोज बारा-चौदा तास, असे तीन-चार आठवडे काढावे लागतात. एवढे करूनही फळ मिळेलच असे नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोणाच्या खोलीत कुठली हवा आहे हे सायकलपटूंना कळू दिले नव्हते. रोज सोळा तास ३,००० मीटरइतक्या विरळ हवेत राहिलेल्यांना साध्या हवेतल्यांपेक्षा जास्तीचा फायदा झाला नाही. रक्तात लोहाचा साठा कमी असेल तर नव्या पेशी घडणारच नाहीत, म्हणून तंबूच्या खर्चाआधी फेरिटिनची तपासणी करून घेणे शहाणपणाचे. मुलींच्या बाबतीत तर अत्यावश्यकच. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००६ मध्ये या पद्धतीवर बंदीचा विचार केला, पण बंदी घातली नाही. तंबू सोडल्यावर वाढलेल्या पेशी काही आठवड्यांत ओसरू लागतात, त्यामुळे तंबूत शिरण्याचा दिवस शर्यतीच्या तारखेवरून मागे मोजत ठरवतात.