*रिले लागत नाही? वायर बदलण्याआधी यादीत नाव बघा*



ठिबकचे व्हॉल्व्ह आणि मोटार वेळेवर चालू-बंद व्हावी म्हणून आपल्यापैकी काहींनी रास्पबेरी पाय बसवला आहे. मागच्या आठवड्यात एका सभासदाच्या डाळिंबाला दोन पाळ्या पाणी गेलंच नाही. लाईट होती, विहिरीत पाणी होतं, पण रिले लागत नव्हता. त्यांनी वायरी बदलल्या, रिले बोर्डही नवा आणला. बिघाड तिथे नव्हताच. चूक माझी होती.

जुन्या खात्याचा पासवर्ड सगळ्यांना माहीत झालेला, म्हणून मी त्या पायवर नवीन युजर तयार केला. पण त्याला पिना वापरायची परवानगी द्यायला विसरले.

पायवर ४० पिना असतात. त्यातल्या सिग्नलच्या पिनांना 'जीपीआयओ' म्हणतात. त्याच नावाच्या गटात ज्या युजरचं नाव असेल, त्यालाच त्या वापरता येतात. सभासद यादीत नाव नसेल तर गोदामातून माल मिळत नाही, तसंच हे. पहिल्या सेटअपमधला युजर गटात आपोआप जातो, नंतर वाढवलेला जाईलच असं नाही.

*ओळखायचं कसं?* स्क्रीनवर 'परमिशन डिनाइड' असं येतं.

*काय करायचं?*

१. आधी स्टार्टरवरून मोटार बंद करा. तपासताना अचानक सुरू व्हायला नको.

२. टर्मिनलमध्ये 'ग्रुप्स' कमांड द्या. यादीत जीपीआयओ दिसतंय का बघा. लाईट आल्यावर आपोआप सुरू होणारा प्रोग्रॅम ज्या युजरने चालतो, त्याचंच नाव तपासायचं.

३. नाव नसेल तर सुडो लावून 'युजरमॉड' कमांडने घाला. त्यात लहान ए आणि मोठा जी, दोन्ही अक्षरं हवीत. ए राहिला तर युजर बाकीच्या गटांतून बाहेर पडतो आणि सुडोचा अधिकारही जाऊ शकतो.

४. पाय रीस्टार्ट करा. नव्याने लॉगिन केल्याशिवाय बदल लागू होत नाही. बरेच जण इथेच फसतात.

सगळा प्रोग्रॅम सुडोने चालवला तरी रिले लागेल, पण तो उपाय नाही. प्रोग्रॅममधली एक चूक सगळं कार्ड बिघडवू शकते.

'बिझी' असं आलं तर तीच पिन दुसरा प्रोग्रॅम धरून बसलाय. तो आधी बंद करा. आणि नवीन 'पाय ५' घेतला असेल तर जुनी 'आरपीआय जीपीआयओ' लायब्ररी त्यावर चालत नाही, 'जीपीआयओ झिरो' वापरा.

एक लक्षात ठेवा: पिनेला ३.३ व्होल्टपेक्षा जास्त देऊ नका. ५ व्होल्टचा सिग्नल थेट जोडला तर पाय कायमचा जाऊ शकतो.

आणि व्हॉल्व्ह हाताने उघडायची सोय काढू नका. यंत्र अडलं तरी झाडाला पाणी वेळेवर मिळालं पाहिजे.

अडचण आली तर स्क्रीनचा फोटो याच नंबरवर पाठवा. पासवर्ड मात्र पाठवू नका.

– आपली कृषी सल्लागार