शाळा सुटली, सेवा सुरू: जर्मनीतल्या सात दशकांचा मागोवा

10 एप्रिल 1961 रोजी पश्चिम जर्मनीत 340 तरुण एका नव्या कामावर रुजू झाले. त्यांच्या वयाची बाकीची मुलं बराकींमध्ये कवायत करत होती. हे मात्र इस्पितळांत आणि शुश्रूषागृहांत अंथरुणं बदलत होते, जेवणाची ताटं पोचवत होते. बंदूक हातात घ्यायला त्यांनी नकार दिला होता आणि देशाच्या घटनेनं तशी मुभा दिली होती. 1949च्या मूलभूत कायद्याचं चौथं कलम सांगतं, की सदसद्विवेकबुद्धीच्या विरुद्ध कुणालाही शस्त्र घेऊन लष्करी सेवा करायला भाग पाडता येणार नाही. हिटलरच्या राजवटीत लष्करात जायला नकार देणाऱ्यांना मृत्युदंड झाले होते, ही आठवण त्या कलमामागे होती. 1956 मध्ये सक्तीची लष्करभरती आली. मग नकार देणाऱ्यांचं काय करायचं, या प्रश्नाला उत्तर म्हणून ही पर्यायी सेवा उभी राहिली. पुढे 1973 मध्ये तिचं नाव ‘त्सिविलडीन्स्ट’, म्हणजे नागरी सेवा, असं झालं आणि ती करणारा मुलगा घरोघरी ‘त्सिवी’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

घटनेनं हक्क दिला, पण तो मिळवणं सोपं नव्हतं. अर्ज करणाऱ्या मुलाला एका समितीपुढे बसावं लागे आणि आपली सदसद्विवेकबुद्धी खरी आहे हे तोंडी पटवून द्यावं लागे. त्या चौकशीतला एक प्रश्न जर्मनीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो: मैत्रिणीबरोबर जंगलातून चालला आहेस, गुंड तिच्यावर धावून आले आणि तुझ्याकडे पिस्तूल आहे, तर काय करशील? झाडीन म्हटलं तर अर्ज बाद होण्याची भीती, आणि झाडणार नाही म्हटलं तर समितीचा विश्वास बसणं कठीण. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला हे झेपायचं कसं? बोलण्यात तरबेज, शिकलेल्या घरातली मुलं यातून सुटत. ज्याला मनातलं नीट मांडता येत नसे, तो अडकत असे. ही परीक्षा विवेकाची कमी आणि वक्तृत्वाची जास्त होती, असंच म्हणावं लागतं.

1977 मध्ये सरकारनं ही चौकशी जवळजवळ काढूनच टाकली. साध्या पोस्टकार्डावर नकार कळवला की पुरे, अशी दुरुस्ती आली. पण घटनात्मक न्यायालयानं ती काही महिन्यांत थांबवली आणि एप्रिल 1978 मध्ये रद्दच ठरवली. 1984 पासून बहुतेकांसाठी लेखी अर्ज पुरेसा झाला, मात्र त्याची किंमत वेळेत वसूल केली गेली. लष्करातली मुलं 15 महिन्यांनी घरी परतत, त्सिवींना 20 महिने काम करावं लागे. जो इतका जास्त वेळ द्यायला तयार आहे त्याचा विवेक खरा असणार, असा त्यामागचा हिशेब. शेजारपाजारी त्यांना कामचुकार म्हणत, तेव्हाची ही गोष्ट आहे.

या मुलांच्याही आधी मुली या वाटेवर आल्या होत्या, आणि त्यांना कुणी भाग पाडलेलं नव्हतं. बायर्नमधल्या नॉयनडेट्टल्साऊ या गावी प्रॉटेस्टंट सेवाभगिनींची मोठी संस्था आहे. युद्धानंतर तिथे रुग्णसेवेला माणसं कमी पडू लागली. 1954 मध्ये संस्थेचे प्रमुख हेरमान डीट्सफेल्बिंगर यांनी तरुण मुलींना आवाहन केलं, की आयुष्यातलं एक वर्ष या कामाला देऊन पाहा. मुली आल्या. इतर चर्चसंस्थांनी तीच वाट धरली आणि 1964 मध्ये संसदेनं ‘स्वयंसेवी सामाजिक वर्षा’चा कायदा केला. एफएसजे या आद्याक्षरांनी ते आजही चालू आहे. पहिली कित्येक वर्षं ते जवळपास पूर्णपणे मुलींचंच होतं. त्सिवींवर चित्रपट निघाले, लेख लिहिले गेले, वाद झाले. त्या तुलनेत या मुलींची नोंद फारशी घेतली गेली नाही. वास्तविक आजच्या सगळ्या स्वयंसेवी वर्षांचा साचा त्यांनीच घडवला.

त्याच दशकातला आणखी एक धागा विसरून चालणार नाही. लोथार क्रायसिश हे नाझीकाळात ब्रांडेनबुर्गमध्ये न्यायाधीश होते. मनोरुग्णांना मारून टाकण्याची मोहीम सुरू असल्याचं कळताच 1940 मध्ये त्यांनी थेट एका वरिष्ठ नाझी अधिकाऱ्याविरुद्ध खुनाची तक्रार दाखल केली आणि त्यांना पदावरून जावं लागलं. याच माणसानं 1958 मध्ये ‘आक्शन झ्यूनत्सायशन’ ही प्रायश्चित्ताची चळवळ सुरू केली. ज्या देशांचा जर्मनीनं विध्वंस केला, त्या देशांनी परवानगी दिली तर जर्मन तरुण तिथे जाऊन हातांनी काही चांगलं उभारतील, अशी त्यांची विनंती होती. मुलं नॉर्वे आणि नेदरलँड्समध्ये गेली. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बॉम्बनं उद्ध्वस्त झालेल्या कॅथीड्रलमध्ये त्यांनी विटा रचल्या. 1961 पासून इस्रायलमध्ये जाऊन ती राबू लागली. ज्या घरात जेवायला बसायचं त्या घरातली माणसं आपल्या वडिलांच्या पिढीनं मारली आहेत, हे ठाऊक असताना तो घास घ्यायचा, हे विशीतल्या मुलांनी केलं.

महाराष्ट्रालाही अशा कामाची ओळख जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्दनच्या रणभूमीजवळ पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्यानं पहिलं आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवलं, त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना वाढली. 1934च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः भारतात आले. 1950च्या दशकात याच संघटनेचे देशोदेशीचे तरुण वरोऱ्याला, बाबा आमटे यांच्या आनंदवनात येऊन राहिले आणि कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी इमारती बांधल्या. आसपासचे लोक आनंदवनातली भाजी विकत घ्यायलाही कचरत, त्या काळात हे गोरे तरुण रुग्णांबरोबर राबत होते.

पूर्व जर्मनीत मात्र नागरी सेवेचा पर्यायच नव्हता. 1964 पासून तिथे नकार देणाऱ्यांना ‘बांधकाम सैनिक’ म्हणून लष्करातच घेत. बंदुकीऐवजी त्यांच्या हाती फावडं असे आणि खांद्यावर फावड्याचंच चिन्ह. गणवेश चुकत नसे, आणि पुढे विद्यापीठाचे दरवाजे अनेकांना बंद होत. ही पद्धत बर्लिनची भिंत पडल्यावरच गेली.

पश्चिमेकडे तोवर चित्र पालटलं होतं. 1968च्या विद्यार्थी आंदोलनाच्या वर्षात नकारांची संख्या आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाली. 1991 मध्ये आखाती युद्ध पेटलं तेव्हा एका वर्षात दीड लाखांच्या घरात अर्ज आले. कामचुकार म्हणून हिणवलेल्या मुलांवाचून आता गाव चालेना. वृद्धाश्रमात सकाळी आजोबांना उठवून आंघोळ घालायला त्सिवी, घरपोच गरम जेवणाची गाडी चालवायला त्सिवी, रुग्णवाहिकेवर त्सिवी, अपंग विद्यार्थ्याला व्हीलचेअरवरून वर्गात न्यायला त्सिवी. 1990च्या दशकाच्या अखेरीस अशी लाखाहून अधिक मुलं एकाच वेळी कामावर होती. 1961 ते 2011 या पन्नास वर्षांत ही संख्या 27 लाखांवर गेली.

या आकड्याचा सामाजिक अर्थ मोठा आहे. एरवी ज्या पुरुषांनी आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांचंही अंग पुसलं नसतं, त्यांनी विशीत अनोळखी माणसांची लघवी-शी काढली, मरणाऱ्याजवळ बसून रात्र काढली. ओलाफ शोल्त्स त्यांतलेच एक. हाम्बुर्गच्या या तरुणानं लष्करी सेवा नाकारून शुश्रूषागृहात काम केलं. पुढे ते चॅन्सेलर झाले आणि रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर फेब्रुवारी 2022 मध्ये लष्करासाठी 100 अब्ज युरोंचा विशेष निधी त्यांनीच जाहीर केला. माणूस बदलला की जग बदललं, यावर जर्मनीत अजून वाद होतो.

2011 हे वळणाचं वर्ष. संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबेर्ग यांच्या पुढाकारानं सक्तीची भरती स्थगित करायचं ठरलं. पण भरतीच नाही तर तिला नकार कोण देणार, आणि नकार नाही तर त्सिवी कुठून येणार? 1 जुलैपासून ती व्यवस्थाच संपली. सेवासंस्थांचे धाबे दणाणले. त्याच दिवशी ‘बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट’ ही केंद्रीय स्वयंसेवा योजना सुरू झाली, जागा ठेवल्या 35,000. सक्तीशिवाय कोण येईल, अशी शंका उघडपणे घेतली जात होती. वर्ष सरायच्या आत जागा भरल्या. योजनेला वयाची वरची मर्यादा नसल्यानं पन्नाशी-साठीतली माणसंही आली, विशेषतः पूर्वेकडून. आज एफएसजे, पर्यावरण वर्ष आणि ही केंद्रीय योजना मिळून सुमारे एक लाख लोक दर वर्षी स्वखुशीनं हे काम करतात. शंका घेणाऱ्यांना याहून चोख उत्तर नाही.

आजच्या ‘बुफ्दी’चं, म्हणजे केंद्रीय योजनेतल्या स्वयंसेवकाचं, वर्ष सहसा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं. बारावीचा निकाल लागलेला असतो, पुढे काय हे ठरलेलं नसतं. आठवड्याला पूर्ण वेळ, म्हणजे 39-40 तास काम. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक दोन वर्षांत 240 तास भरतो, तेवढे तास इथे साधारण सहा आठवड्यांत होतात. यावरून या वर्षाचं वजन लक्षात यावं. वर्षातून 25 दिवस कार्यशाळेचे. तिथे वेगवेगळ्या संस्थांतली मुलं एकत्र येतात, कामावर जे पाहिलं ते बोलतात. पहिला मृत्यू पाहिलेली मुलगी तिथे पहिल्यांदा मोकळी होते, असा मार्गदर्शकांचा नेहमीचा अनुभव. कायदा सांगतो की या मुलांनी कर्मचाऱ्यांना हातभार लावायचा, त्यांची जागा घ्यायची नाही. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या वॉर्डात ही रेघ पाळणं अवघड जातं, हे खरं.

काम सगळं रुग्णसेवेचंच असतं असं नाही. उत्तर समुद्रातल्या हालिग होगे या सपाट, वादळात पाण्याखाली जाणाऱ्या बेटावर ‘शुट्सस्टात्सिओन वाटनमेअर’ या संस्थेची मुलं एकत्र राहतात. ओहोटीच्या वेळी ती पर्यटकांना चिखलातून चालवत नेऊन त्यातले किडे-शिंपले दाखवतात आणि दर पंधरवड्याला उधाणाच्या भरतीच्या वेळी पक्षी मोजतात. हार्त्स डोंगराजवळच्या क्वेडलिनबुर्गमध्ये 1999 मध्ये पहिली ‘युगेंडबाउह्युट्ट’ सुरू झाली. तिथली मुलं जुन्या लाकडी चौकटीच्या घरांवर सुतार-गवंड्यांच्या हाताखाली वर्षभर शिकतात. बीलेफेल्टच्या बेथेल संस्थेत अपस्मार आणि मतिमंदत्व असलेल्या माणसांबरोबर तर कित्येक पिढ्यांनी आपलं वर्ष काढलं आहे. 2015 मध्ये निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा सरकारनं 10,000 जास्तीच्या जागा काढल्या. त्यांत निर्वासितांना स्वतःलाही स्वयंसेवक होता आलं. काल ज्याला आसरा दिला तो आज दुसऱ्याला भाषेत मदत करू लागला.

भारतीय मुलंही आता या वर्षाकडे वळली आहेत. 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘वेल्टवेर्ट्स’ कार्यक्रमातून जर्मन मुलं भारतासारख्या देशांत येत होती. काही वर्षांनी उलटी वाटही उघडली. पुण्या-मुंबईच्या माक्स म्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्यांत परिचारिका, अभियंते यांच्या जोडीला एफएसजेची चौकशी करणारेही असतात. या वर्षाच्या आधारावर पुढे व्यावसायिक प्रशिक्षण मिळवायचं, असा त्यांच्यापैकी अनेकांचा बेत असतो आणि त्यात वावगं काही नाही. अडचण येते ती भाषेची. वर्गात शिकलेली जर्मन वेगळी आणि श्वाबेनमधल्या नव्वदीच्या आजीबाईंची बोली वेगळी. दात काढून ठेवलेल्या माणसाचं बोलणं कुठल्याच पुस्तकात नसतं. मराठी घरात वाढलेल्या मुलाला आणखी एक गोष्ट जड जाते. आई-वडिलांना संस्थेत ठेवणं त्याला आरंभी निष्ठुर वाटतं. मग दर रविवारी न चुकता येणारी लेक त्याला दिसते, रात्रपाळीच्या परिचारिकेचा जिव्हाळा दिसतो, आणि आपल्या गावाकडे ओसरीवर एकटी पडलेली आजीही आठवते.

पैशाचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. या वर्षाला पगार नसतो, हातखर्च मिळतो. त्याची कमाल मर्यादा 2024च्या आरंभी महिना 453 युरो होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं ती 604वर आणि 2025 मध्ये 644वर गेली. पण ही फक्त मर्यादा आहे, एवढे पैसे द्यायलाच हवेत असं बंधन नाही. विम्याचे हप्ते सेवासंस्था भरते. म्युनिक-हाम्बुर्गसारख्या शहरात एवढ्यात खोलीही मिळत नाही. घरी आई-वडिलांकडे राहता येतं त्यांनाच हे वर्ष परवडतं आणि ज्यांना नाही ती मुलं थेट कमावत्या नोकरीकडे जातात. सेवेची संधी अशी घरच्या ऐपतीवर ठरावी, हा या योजनेतला सर्वांत मोठा दोष आहे. त्यातच 2023 मध्ये सरकारनं 2024च्या निधीत कोट्यवधी युरोंची कपात प्रस्तावित केली. मुलं स्वतः रस्त्यावर उतरली, संसदेकडे याचिका गेली आणि कपात मागे घ्यावी लागली.

सक्तीचा विषयही पुन्हा दाराशी आला आहे. राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांनी 2022 मध्ये सर्वांसाठी सक्तीच्या सामाजिक सेवाकाळाची कल्पना मांडली. 5 डिसेंबर 2025 रोजी बुंडेसटागनं नवा लष्करी सेवेचा कायदा संमत केला. त्याच दिवशी अनेक शहरांत शाळकरी मुलांनी वर्गावर बहिष्कार टाकून निदर्शनं केली. 2026 पासून 2008 आणि त्यानंतर जन्मलेल्यांना अठरावं लागलं की प्रश्नावली येते. मुलांना ती भरणं बंधनकारक, मुलींना ऐच्छिक. भरती तूर्त ऐच्छिकच आहे. तरीही विवेकाच्या आधारे नकार देणाऱ्यांचे अर्ज वाढले आहेत.

त्या अर्जांवर निर्णय घेणारं कोलोनचं केंद्रीय कार्यालय तेच, जे केंद्रीय योजनेतल्या प्रत्येक स्वयंसेवकाशी करार करतं. सेवासंस्थांनी आता तीन मागण्या लावून धरल्या आहेत: इच्छुक असलेल्या प्रत्येकाला स्वयंसेवी वर्षाचा कायदेशीर हक्क, विद्यार्थ्यांच्या सरकारी साहाय्याइतका हातखर्च, आणि शाळा सोडणाऱ्या प्रत्येकाला या वर्षाचं रीतसर निमंत्रण. लष्कराची प्रश्नावली घरोघरी पोचू लागली. निमंत्रणाचं पत्र निघावं यासाठी संस्था अजून बर्लिनचे उंबरे झिजवत आहेत.