राज्यपालांच्या वतीने

जिल्हा रुग्णालयात लोखंडी खाट येते, तहसील कार्यालयात प्रिंटर येतो. या वस्तूंचा ग्राहक कागदोपत्री एकच असतो: महाराष्ट्राचे राज्यपाल. संविधानाच्या अनुच्छेद २९९ नुसार राज्य सरकारचे करार त्यांच्या नावाने होतात, केंद्राचे राष्ट्रपतींच्या नावाने. त्याच अनुच्छेदाने त्या दोघांना या करारांच्या वैयक्तिक जबाबदारीतून मोकळं केलं आहे आणि त्यांच्या वतीने सही करणाऱ्यालाही. सही करणाऱ्याला लेखापरीक्षण मात्र इतक्या सहज मोकळं सोडत नाही. त्याची बदली झाली तरी आक्षेपाची पत्रं नव्या पत्त्यावर पोचतात.

प्रत्यक्षात खरेदी एका टेबलावर होते. त्या टेबलावर बहुधा वरिष्ठ लिपिक असतो, वर कार्यालयीन अधीक्षक, त्याच्या वर ज्याच्या नावाने आहरण आणि संवितरणाचे अधिकार आहेत तो अधिकारी. या तिघांपैकी कुणाचीही भरती ‘खरेदीदार’ म्हणून झालेली नसते. अधिकारी डॉक्टर असतो, कृषी पदवीधर असतो किंवा महसूल खात्यातून आलेला असतो. खरेदी ही त्याच्या मूळ कामाला चिकटलेली जादाची जबाबदारी. त्यात राज्याच्या २००५ च्या बदली कायद्याने एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठेवला आहे. केंद्रीय दक्षता आयोगही खरेदीसारखी ‘संवेदनशील’ पदं ठरावीक मुदतीनंतर फिरती ठेवायला सांगतो. हेतू उघड आहे, पुरवठादाराशी घसट वाढू नये. पण दर कुठे फुगवलाय, कुठल्या अटीमुळे निविदा एकाच कंपनीच्या मापाची झाली, हे माणसाला कळू लागतं तेच मुळी तिसऱ्या वर्षी.

खरेदी हाच ज्यांचा पेशा, अशी माणसं या देशात एके काळी होती. १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झालं. तोवर हिंदुस्थान सरकारच्या मालाची मोठी खरेदी लंडनहून होत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेला लष्करी माल विकायचं कामही या यंत्रणेशी जोडलं गेलं आणि स्वातंत्र्यानंतर तिचं नाव झालं डायरेक्टोरेट जनरल ऑफ सप्लाइज अँड डिस्पोजल्स, म्हणजे डीजीएस अँड डी. तिचे अधिकारी लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून येत. इंडियन सप्लाय सर्व्हिस खरेदी करणाऱ्यांची, इंडियन इन्स्पेक्शन सर्व्हिस आलेला माल तपासणाऱ्यांची. करार करणारा वेगळा आणि पोलादाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवणारा वेगळा. ही फारकत मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

या कार्यालयाचं मुख्य हत्यार होतं दर करार. पंख्यांचा, टायरचा, रंगाचा भाव उत्पादकाशी एकदाच ठरवायचा आणि मग कुठल्याही खात्याने त्या भावाने थेट मागणी नोंदवायची. महाराष्ट्रात हेच काम उद्योग संचालनालयाची मध्यवर्ती भांडार खरेदी संघटना करत असे. सोय मोठी होती, दोषही तितकेच. बाजारात भाव उतरले तरी करारातला दर जागचा हलत नसे. दिल्लीतल्या कार्यालयाभोवती दलालांचा राबता असतो, ही तक्रार तर पिढ्यान् पिढ्या चालत आली होती.

ऑगस्ट २०१६ मध्ये गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, म्हणजे ‘जेम’, सुरू झालं. त्याची पहिली आवृत्ती उभी करण्यात डीजीएस अँड डीचाच हात होता. पुढच्या मे महिन्यात जेमची स्वतंत्र कंपनी झाली आणि ३१ ऑक्टोबर २०१७ ला डीजीएस अँड डी बंद झालं. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी जेम स्वीकारलं. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात या संकेतस्थळावरची खरेदी चार लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. छोट्या गावातला विक्रेताही आता मंत्रालयाला माल विकू शकतो, कुणाच्या केबिनबाहेर न बसता. हे यश नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र दलाल गेले त्याच फेऱ्यात जाणकारही गेले. जेमवर खरेदीदार, माल स्वीकारणारा आणि पैसे देणारा यांची लॉगिनं वेगवेगळी असतात. जुन्या फारकतीचंच हे डिजिटल रूप. लहान कार्यालयात मात्र बऱ्याचदा संगणकावर बसणारा एकच असतो, बाकीचे दोघे त्याला फोनवरून ओटीपी सांगतात. माल पोचला की दहा दिवसांत स्वीकृतीचं प्रमाणपत्र द्यायचं. ते देणाऱ्या भांडारपालाकडे वजनकाटा असेलही, पण खाटेच्या नळीची जाडी मोजायचं साधन आणि ते वापरायची सवय किती कार्यालयांत सापडेल?

खरी मेख याच्याही आधी असते, स्पेसिफिकेशन लिहिण्यात. राज्याच्या खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने नव्याने आली. तिच्यात दरपत्रकं कधी, ई-निविदा कधी, तांत्रिक आणि आर्थिक लिफाफे कसे उघडायचे, सगळं तपशिलाने आहे. लिफाफे उघडले की तुलनात्मक तक्ता होतो आणि सर्वांत कमी दराचा, म्हणजे ‘एल-वन’, पुढे येतो. इथे अधिकाऱ्याला स्वतःची अक्कल वापरायला जागा फारच थोडी उरते. ती वापरायची जागा होती स्पेसिफिकेशनमध्ये. ते ढिलं लिहिलं तर एल-वन गाळ माल देतो आणि तुम्ही काही करू शकत नाही. फार आवळून लिहिलं तर एकच निविदाकार उरतो आणि चौकशी लागते. म्हणून टेबलावरचा माणूस सर्वांत सुरक्षित वाट धरतो, गेल्या वर्षीची नस्ती काढून तोच मजकूर पुन्हा उतरवतो. आळस म्हणून त्याच्यावर बोट ठेवणं सोपं आहे. चुकीचा माल स्वस्तात घेतल्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही, योग्य माल दोन रुपये जास्त देऊन घेतला तर आक्षेप नक्की, हे तो अनुभवाने शिकलेला असतो.

वेळापत्रकही त्याच्या हातात नसतं. तरतूद राज्याच्या निधिवाटपाच्या ‘बीम्स’ या संगणक प्रणालीवर उशिरा दिसते, मान्यता वरून त्याहून उशिरा येते. वर्षअखेरची घाई टाळण्यासाठी वित्त विभाग बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून नव्या खरेदीला लगाम घालतो. मग घाई मार्चऐवजी फेब्रुवारीत होते.

औषधांच्या बाबतीत या साऱ्याची किंमत रुग्ण मोजतो. त्यामुळेच आपल्या राज्यातला सर्वांत बोलका प्रयोग औषध खरेदीचा आहे. २०१७ मध्ये राज्याने सरकारी रुग्णालयांची औषध खरेदी परळच्या हाफकिन महामंडळाकडे सोपवली. हाफकिनचं नाव लशींमुळे मोठं, त्यांचं कसब जैविक उत्पादनांचं. राज्यभरातल्या रुग्णालयांसाठी हजारो प्रकारच्या गोळ्या, इंजेक्शनं आणि यंत्रं वेळेवर विकत घेणं हा निराळाच धंदा. मागण्या एकीकडे साचत गेल्या, निधी पडून राहिला आणि रुग्णालयांनी स्थानिक खरेदीवर दिवस काढले.

त्याच वेळी तामिळनाडूचं उदाहरण दोन दशकांहून जुनं झालं होतं. तिथलं वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ मध्ये कंपनी म्हणून स्थापन झालं, केवळ याच कामासाठी. जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांची गोदामं. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक, ज्यात वर्षभराची रक्कम जमा आणि उचललेला माल वजा. रुग्णालय गोदामातून हवं ते उचलतं, संगणकावर साठा घटतो आणि पुढची मागणी त्यावरून ठरते. आलेली औषधं तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातात, तीही पुरवठादाराचं नाव झाकून. यात थोर शोध काही नाही. पण गोदाम, तपासणी आणि हिशेब सांभाळणाऱ्या माणसांचं मुख्य काम तेवढंच आहे.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केलं. स्वतंत्र कायदा, स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी, आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही खात्यांसाठी एकच खरेदीदार. इतर वस्तूंची खरेदी अजून शासन निर्णयांवरच चालते. केंद्रातलं सार्वजनिक खरेदी विधेयक तर २०१२ मध्ये मांडलं गेलं आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झालं. प्राधिकरणाची इमारत, प्रणाली, नियम हे पैशाने उभं राहतं. आकृतिबंधातली पदं प्रतिनियुक्तीने भरायची ठरली, तर दुसऱ्या खात्यातून काही वर्षांसाठी आलेला अधिकारी मूळ खात्यात परतेल तेव्हा त्याच्याबरोबर दर कळण्याची नजरही परत जाईल.