कुंडीतला हिवाळा

दिवाळीत आमच्या टोकियोतल्या गॅलरीत पणती लागते, तेव्हा शेजारच्या कुंडीतला मेपल हिरवागारच असतो. त्याला लाली चढते ती नोव्हेंबरच्या अखेरीस. हे माझं दुसरं झाड. पहिलं माझ्या हातून मेलं, तेही मायेपोटी.

त्या वर्षी पानं झडल्यावर झाड थंडीनं मरेल या भीतीनं मी ते तुळशीबरोबर घरात, हीटरच्या उबेत आणून ठेवलं. जानेवारीअखेर काड्यांना पालवी फुटली. मी हरखले. पण पालवी फिकट, लांबट आणि लुळी होती. मार्चपर्यंत ती सुकली आणि झाड पुन्हा फुटलं नाही. तुळस मात्र जगली. एकाच खिडकीत, एकाच मायेनं ठेवलेल्या दोन झाडांची गत इतकी वेगळी का झाली, हे शोधायला मी लागले.

जपानी मेपल हे जपान-कोरियातल्या डोंगरउतारांवर, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं झाड. जपानीत त्याला दोन नावं आहेत. ‘काएदे’ हे ‘काएरुदे’पासून आलं, म्हणजे बेडकाचा हात. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात हा जुना शब्द आढळतो. लिनियसचा शिष्य कार्ल पेटर थुनबर्ग डच कंपनीचा वैद्य म्हणून १७७५-७६मध्ये नागासाकीत होता. त्यानं झाडाला शास्त्रीय नाव दिलं ‘आसेर पाल्माटुम’, त्यातही तळहातच आहे. दुसरं नाव ‘मोमिजी’. ते पानांनी रंग पालटण्याच्या क्रियापदावरून आलं. एक नाव आकाराचं, दुसरं ऋतूचं. मी पहिलंच लक्षात ठेवलं होतं.

दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गार पडल्या, की झाड पानांतलं हरितद्रव्य मोडतं आणि पानांतलं नत्र खोडाकडे ओढून घेतं. त्याच सुमारास पानात साखरेपासून अँथोसायनिन हे लाल द्रव्य नव्यानं तयार होतं. म्हणजे ती लाली ही झाडाची आवराआवर असते. पानं गळल्यावर झाड झोपी जातं, आणि काही आठवडे सलग थंडी मिळाल्याशिवाय ही झोप पुरी होत नाही. मी त्याला अर्ध्या झोपेतून उठवलं, तेही खिडकीतल्या अपुऱ्या उजेडात. तुळस उष्ण प्रदेशातली. तिला ऊब हवीच होती.

आताचं झाड बारा महिने बाहेर असतं. थंडीपेक्षा मला काळजी वाटते ती उन्हाळ्याची. दुपारचं ऊन, तापलेलं काँक्रीट आणि कोरडा वारा यांनी पानांच्या कडा करपतात, म्हणून सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा हवी. माती निचऱ्याची लागते. इथे ‘आकादामा’ ही दाणेदार माती वापरतात. भर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावं. हिवाळ्यात कमी, पण माती पार कोरडी पडू देऊ नये. छाटणी पानगळीनंतर लगेच करावी, कारण हिवाळा सरता सरता रस चढू लागतो आणि कापलेल्या जागेतून ठिबकत राहतो. दोन-तीन वर्षांनी, डोळे फुटण्याआधी, मुळं थोडी छाटून माती बदलावी.

बियांपासूनही रोप होतं. त्यासाठी पंखधारी बिया ओलसर वाळूत घालून सुमारे तीन महिने फ्रिजमध्ये ठेवतात. बीसुद्धा हिवाळा मागतं. मात्र बियांची रोपं आईसारखीच निघतील असं नाही, म्हणून खास जाती कलमानं राखतात. आजच्या टोकियोत मोडणाऱ्या सोमेई गावचे माळी इतो इहेई यांनी १७१०च्या ग्रंथात ३६ प्रकार नोंदवले होते. आज ते हजाराच्या वर आहेत.

पुण्याहून बहीण दर वर्षी रोप मागते. परदेशी रोपाला क्वारंटाइनची कागदपत्रं लागतात, पण खरी अडचण ती नाही. तिच्या गच्चीवर या झाडाला पुरेशी झोप मिळणार नाही. आपल्याकडे हिमालयाच्या थंड उतारांवर ते रमू शकेल. तिला मी डिसेंबरात गळलेली पानं वहीत दाबून पाठवते.

यंदाही थंडी पडू लागली, की तुळस आत येईल. मेपल बाहेरच राहील. रात्री गॅलरीचं दार लावताना अजून जीव थोडा खालीवर होतो, पण लावते.