सेंद्रिय सौरघटांची कार्यक्षमता आणि पदार्थाची अंतर्रचना

प्रस्तावना :

अपारंपरिक ऊर्जास्रोतांत सौरऊर्जेचे स्थान महत्त्वाचे आहे. आज वापरातील बहुतांश सौरघट सिलिकॉनचे असले, तरी कार्बनी संयुगांपासून बनविलेल्या सेंद्रिय सौरघटांकडेही संशोधकांचे लक्ष दीर्घकाळ लागलेले आहे. हे घट हलके व लवचीक असून द्रावणातील पदार्थ शाईप्रमाणे छापून तयार करता येतात. उणीव होती ती कार्यक्षमतेची. १९८६ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग यांनी दोन थरांचा सेंद्रिय घट प्रसिद्ध केला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. आज प्रयोगशाळेतील लहान घटांत ती १९ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. ही वाढ केवळ नव्या संयुगांमुळे झाली असे मानणे अपुरे ठरेल. तेच दोन पदार्थ निराळ्या रीतीने मांडले असता कार्यक्षमता दुपटीने वा तिपटीने बदलते. प्रस्तुत लेखात या अंतर्रचनेचा विचार केला आहे.

एक्सायटॉनची अडचण :

सिलिकॉनमध्ये प्रकाश शोषला जाताच इलेक्ट्रॉन आणि धनविवर सहज विलग होतात. सेंद्रिय पदार्थाचा परावैद्युत स्थिरांक ३ ते ४ इतकाच, म्हणजे सिलिकॉनच्या सुमारे एकतृतीयांश असतो. त्यामुळे दोन्ही प्रभार परस्परांच्या आकर्षणात अडकून राहतात. या जोडीस एक्सायटॉन म्हणतात. तिची बंधनऊर्जा साधारणतः ०.३ ते ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तर खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा अवघी ०.०२५. ही जोडी फोडण्यासाठी इलेक्ट्रॉन देणारा दाता आणि तो स्वीकारणारा ग्राही अशा दोन पदार्थांची सीमा आवश्यक असते.

खरी कोंडी पुढेच आहे. एक्सायटॉन आपल्या अल्प आयुष्यात साधारण १० नॅनोमीटर अंतरच सरकतो. मात्र पुरेसा प्रकाश शोषण्यासाठी थर किमान १०० नॅनोमीटर जाड असावा लागतो. टँग यांच्या सपाट थरांत सीमेपासून दूर निर्माण झालेले एक्सायटॉन वाया जात.

मिश्रणाची रचना :

१९९५ साली सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲलन हीगर व सहकाऱ्यांनी पॉलिमर आणि फुलरीनचे साधित रूप एकाच द्रावणात मिसळून थर दिला. दोन्ही पदार्थ परस्परांत गुंफले गेल्याने सीमा सर्वत्र निर्माण झाली. याच रचनेस समग्र विषमसंधी म्हणता येईल. परंतु मिश्रण अतिशय एकजीव झाले, तर विलग झालेल्या प्रभारांना विद्युतअग्रापर्यंत सलग वाट मिळत नाही व ते पुन्हा एकत्र येतात. ते फार भरड झाले, तर एक्सायटॉन सीमेपर्यंत पोहोचत नाही. हा समतोल द्रावक, त्याचा सुकण्याचा वेग आणि तापमान यांवर ठरतो.

२००१ साली टोल्युइनऐवजी क्लोरोबेंझीन वापरताच त्याच पदार्थांच्या घटाची कार्यक्षमता सुमारे अडीच टक्क्यांवर गेली. ही वाढ जवळजवळ तिप्पट होती. पॉलिथायोफिन आणि फुलरीन यांच्या मिश्रणाचे तापानुशीतन केले असता पॉलिमरच्या साखळ्या सुव्यवस्थित रचल्या जातात. २००५ पर्यंत अशा घटांनी ४ ते ५ टक्क्यांचा पल्ला गाठला. २००७ मध्ये द्रावणात अल्प प्रमाणात अल्केन-डायथायोल मिसळून दुसऱ्या एका पॉलिमर घटाची कार्यक्षमता २.८ वरून ५.५ टक्क्यांवर नेण्यात आली. येथे कोणताही नवा अर्धवाहक शोधलेला नव्हता, हे विशेष.

रेणूची घडण :

फुलरीन दृश्य प्रकाश फारसा शोषत नाही, आणि त्याचे ऊर्जास्तर बदलणेही कठीण असते. त्यामुळे त्यावर आधारित घट ११-१२ टक्क्यांच्या आसपास अडले. २०१५ मध्ये आलेल्या आयटीआयसी या ग्राहीने दिशा बदलली, आणि २०१९ मध्ये चीनमधील संशोधकांनी वाय-६ हा रेणू वापरून १५.७ टक्के कार्यक्षमता नोंदविली. वाय-६ चा गाभा किंचित वाकलेला व जोडलेल्या वलयांचा असून तो निकट-अवरक्त प्रकाशही शोषतो. गाभ्याला जोडलेल्या पार्श्वशृंखला विद्राव्यता देतात, पण रेणू एकमेकांवर किती जवळ रचले जातील हेही त्याच ठरवितात. त्यांची लांबी वा फांद्या बदलण्याचे काम दिसावयास किरकोळ, परंतु अनेकदा तेच निर्णायक ठरते.

टिकाऊपणाचा प्रश्न :

अनुकूल अंतर्रचना ही बहुधा समतोलावस्था नसते. सुकताना ती मध्येच गोठलेली असते. उन्हाळ्यात विदर्भातील गच्चीवर पॅनेल ६० अंश सेल्सिअसच्या वर तापते. अशा तापमानात रेणू हळूहळू सरकतात, ग्राहीचे स्फटिक वाढतात आणि कष्टाने साधलेले जाळे विस्कटते. म्हणूनच किती तासांनंतर किती कार्यक्षमता उरली, हे न सांगता दिलेला उच्चांक अपुरा मानावयास हवा. लहान ग्राही रेणू परस्परांना जोडून त्यांचे पॉलिमर बनविल्यास ही हालचाल मंदावते. द्रावकाचा प्रश्न याहून अवघड आहे. क्लोरोफॉर्मसारखे हॅलोजनयुक्त द्रावक विषारी असल्याने मोठ्या उत्पादनात नकोसे ठरतात. झायलीनसारखा पर्याय घेतला, तर सुकण्याचा वेग बदलतो आणि मिश्रणाची जुळणी पुन्हा आरंभापासून करावी लागते.