सत्कर्म, न्याय आणि कृपा

मराठी वाङ्मयाच्या अध्यापकाची ख्रिस्ती धर्मविचाराशी केव्हा ना केव्हा गाठ पडतेच. गोव्यातील राशोल येथे १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली व १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. हे ग्रंथकार आम्ही वर्गात शिकवितो, परंतु सत्कर्मांनी मनुष्य तरत नाही, ही त्यांच्या धर्माची शिकवण आली की विद्यार्थी सरळच विचारतो, "मग सत्कर्म करावे तरी कशाला?" प्रश्न नीतीच्या मुळाशीच जाणारा आहे. तो टाळून पुढील धडा घेणे शिक्षकास शोभत नाही.

घोटाळ्याचे मूळ आपल्या परिचित कल्पनेत आहे. न्याय म्हटला की चित्रगुप्ताची वही आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. एका बाजूस पाप, दुसऱ्या बाजूस पुण्य, आणि अखेरीस शिल्लक. ख्रिस्ती शिकवणीतही अंतिम न्यायाचा दिवस आहे आणि प्रत्येकास आपल्या कृत्यांचा जाब द्यावयाचा आहे. पण तेथे वजाबाकी नाही. आम्हा शिक्षकांच्या भाषेत सांगावयाचे तर, शाळेत शंभरांपैकी पस्तीस गुणांवर विद्यार्थी उत्तीर्ण होतो. ईश्वराच्या न्यायात अशी उत्तीर्णतेची रेषाच नाही. याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की नियमशास्त्रातील एका गोष्टीविषयी चुकणारा सर्वांविषयी दोषी ठरतो. चोरीच्या आरोपीने आपण केलेल्या दानधर्माची यादी न्यायाधीशापुढे ठेवली, तर दान खोटे ठरत नाही, पण चोरीही पुसली जात नाही.

कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म ह्याने अकराव्या शतकाच्या अखेरीस हाच विचार ऋणाच्या दृष्टान्ताने मांडला. मनुष्य जे जे चांगले करू शकतो, ते ते तो ईश्वरास मुळातच देणे लागतो. चालू देणे चुकते केल्याने मागील कर्ज कसे फिटावे? शिवाय सत्कर्मात अहंकाराचा शिरकाव फार लवकर होतो. लूकच्या शुभवर्तमानातील परूशी आपले उपवास व दशांश देवापुढे मोजून दाखवितो. जकातदार केवळ दयेची याचना करतो. येशूच्या निवाड्याप्रमाणे नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

'नीतिमान ठरणे' हा मराठी बायबलातील शब्दप्रयोग मुळात न्यायालयातला आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाचे म्हणणे असे की, कोणीच निर्दोष नसल्यामुळे सुटका झालीच तर ती न्यायाधीशाच्या कृपेने होईल. परंतु कृपेसाठी न्याय मोडला जात नाही. दोषाचा भार ख्रिस्ताने क्रूसावर स्वतः वाहिला, आणि मनुष्याने ते दान विश्वासाने स्वीकारावयाचे आहे.

मग सत्कर्माचे स्थान कोणते? याकोब तर बजावतो की क्रियेवाचून विश्वास निर्जीव आहे. येथे विरोध नाही. सत्कर्म हे तारणाची किंमत नव्हे, ते तारणाचे फळ आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी भुकेल्यांस अन्न देणाऱ्यांची प्रशंसा होते, तेव्हा ते आश्चर्याने विचारतात की हे आम्ही केव्हा केले? त्यांनी हिशेब ठेवलाच नव्हता! गीता फलाशा सोडून कर्म करावयास सांगते. येथे फळ आधीच पदरी पडले आहे म्हणून कर्म करावयाचे. दोन्हींकडे सौदा वर्ज्य आहे, परंतु कारणे भिन्न आहेत. वर्गात हा भेद पुसून टाकू नये.

ख्रिस्ती पंथांतही ह्या प्रश्नावर तीव्र वाद झाला. १५१७ सालापासून ल्यूथरने केवळ विश्वासाचा पुरस्कार केला. कॅथॉलिक पक्षाने ट्रेंट येथील धर्मपरिषदेत १५४७ साली असे ठरविले की आरंभ कृपेनेच होतो, परंतु मनुष्याने त्या कृपेस साथ द्यावयाची असते. म्हणून जेज्वीट स्टीफन्स आणि प्रॉटेस्टंट पदमनजी ह्यांचा सूर एकच समजू नये. पुढे १९९९ साली ऑग्सबुर्ग येथे लूथरन व कॅथॉलिक ह्यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून मूलभूत गोष्टींत एकमत मान्य केले.

एक आक्षेप मात्र उरतो. ख्रिस्ताचे नावही न ऐकलेल्या सज्जनाचे काय? ह्यावर पंथोपपंथांत आजही मतभेद आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटले की स्वतःचा दोष नसता शुभवर्तमानास अपरिचित राहिलेला, पण मनःपूर्वक ईश्वरास शोधणारा मनुष्यही तारणास मुकेलच असे नाही. मात्र तेही कृपेनेच. कित्येक प्रॉटेस्टंटांस हे मान्य नाही.

ही शिकवण स्वीकारावी किंवा नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु ती सत्कर्माची अवहेलना करते असे वर्गात सांगणे अन्यायाचे होईल. तिचा रोख सत्कर्माच्या गर्वावर आहे. आणि तो गर्व किती सूक्ष्म असतो, हे आपल्या संतांच्या वाचकास निराळे सांगावयास नको.