विल्यम फॉकनर : प्रादेशिक कादंबरीकाराची जागतिक प्रतिष्ठा

प्रस्तावना

विसाव्या शतकातील अमेरिकन कादंबरीच्या इतिहासात विल्यम फॉकनर (१८९७–१९६२) यांचे स्थान आज निर्विवाद मानले जाते. तथापि ही प्रतिष्ठा त्यांना स्वदेशापूर्वी परदेशात लाभली. तिच्या जडणघडणीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखनप्रवास

'सोल्जर्स पे' (१९२६) ते 'द रीव्हर्स' (१९६२) या कालखंडात फॉकनर यांनी एकोणीस कादंबऱ्या लिहिल्या. मिसिसिपी राज्यातील आपल्या परिसरावरून त्यांनी 'योक्नापटॉफा' हा काल्पनिक परगणा उभा केला. गुलामगिरीचा वारसा, यादवी युद्धातील पराभव आणि जमीनदार घराण्यांचा ऱ्हास हे तेथील प्रमुख विषय होत. 'द साउंड अँड द फ्युरी' (१९२९) या कादंबरीचा पहिला भाग मतिमंद बेंजीच्या जाणिवेतून उलगडतो; त्यामुळे काळाचा क्रमच मोडतो. सर्वसामान्य अमेरिकन वाचकास हे तंत्र दुर्बोध वाटले. उदरनिर्वाहासाठी फॉकनर यांना हॉलिवूडमध्ये पटकथा लिहाव्या लागल्या. १९४५ च्या सुमारास त्यांची बहुतेक पुस्तके अमेरिकेच्या बाजारात अनुपलब्ध होती.

परदेशातील स्वीकार

फ्रान्समधील चित्र वेगळे होते. 'सँक्च्युअरी'च्या फ्रेंच अनुवादास (१९३३) आंद्रे माल्रो यांनी प्रस्तावना लिहिली. मोरिस कॉइंद्रो यांनी 'द साउंड अँड द फ्युरी' फ्रेंचमध्ये आणली (१९३८) आणि पुढच्याच वर्षी सार्त्र यांनी तीतील कालकल्पनेची चिकित्सा केली. मायदेशी जी दुर्बोधता ठरली, तीच येथे काळाविषयीचे नवे चिंतन ठरली. लॅटिन अमेरिकन लेखकांना तर पराभूत, जमीनदारीग्रस्त समाजाचे हे चित्रण आपल्याच भूमीचे वाटले. गार्सिया मार्केझ यांनी १९८२ च्या नोबेल व्याख्यानात फॉकनर यांचा गुरू म्हणून उल्लेख केला.

अमेरिकेत माल्कम काउली यांनी संपादित केलेल्या 'द पोर्टेबल फॉकनर' (१९४६) या संकलनानंतर पुनर्मूल्यमापनास गती मिळाली. १९४९ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना १९५० मध्ये प्रदान करण्यात आले.

प्रतिष्ठेची मर्यादा

कीर्तीच्या शिखरावर असताना, १९५६ मध्ये, वंशभेद निर्मूलनाबाबत सबुरीने घ्यावे असे आवाहन फॉकनर यांनी केले. जेम्स बाल्डविन यांनी त्याच वर्षी त्याचा परखड प्रतिवाद केला. कादंबऱ्यांतून वंशभेदाची शोकांतिका मांडणारा लेखक प्रत्यक्ष नागरी प्रश्नावर कचरला, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

निष्कर्ष

फॉकनर यांच्या उदाहरणावरून असे दिसते की, साहित्यकृतीची प्रादेशिकता तिच्या जागतिक स्वीकारास बाधक ठरतेच असे नाही. मात्र त्यासाठी जाणकार अनुवादक व समीक्षक लाभावे लागतात. म्हणून फॉकनर यांचे अध्यापन करताना संहितेबरोबरच तिच्या स्वीकाराचा इतिहास आणि तिच्यावरील आक्षेपही अभ्यासले जाणे अगत्याचे ठरते.